सहा इंच

आमच्या नळाला नर्मदा येते, एक दिवसाआड.
मी तिला गाळते, चार नळकांड्यांतून,
टीडीएसचा आकडा शून्य होईपर्यंत
तिच्यातली सगळी नर्मदा काढून घेते,
मग लिटरमागे पस्तीस ग्रॅम
समुद्र घालून ढवळते.
औषधाच्या दुकानात वीस वर्षं गेली,
ग्रॅम चुकत नाही.

सुदामानगर, दुसरा मजला.
खरा समुद्र एका रात्रीच्या बसइतका लांब.

पहिला तुकडा रेशीमवाले सरांनी दिला,
पोह्यांच्या डब्यातून, स्कूटरवर, सुखलियाहून.
म्हणाले, वाढवणं सोपं आहे,
शेजार जमवणं कठीण.

आई म्हणाली, पोवळं म्हणजे अंगठीतलं ना, मंगळाचं?
मी चिमट्याने कोळंबीचा कण पुढे केला.
हिरव्या बोटांनी धरला, आत नेला, तोंड मिटलं.
अगंबाई, जेवतंय की!
त्या रात्री तिने चाळीस वर्षांची अंगठी
काढून पावडरच्या डब्यात ठेवली.
सासूबाईंचं म्हणणं एवढंच,
की फ्रीजरमध्ये कोळंबी
त्यांच्या मटारांना लागू नये.

दोघी विहिणी माझ्याकडेच.
एक आतल्या खोलीत, एक हॉलला लागून,
मधल्या भिंतीशी टाकी.
मी काही तसं ठरवलं नव्हतं,
अडीचशे किलो पेलेल अशी जागा तेवढीच होती.

वर, दिव्याखाली, फांद्यांचं.
त्याला सगळं कडक लागतं: उजेड, प्रवाह, शिस्त.
मधे हातोडीच्या टोकांचं, सदा डुलणारं.
खाली कपारीत मश्रूम,
त्याला काहीच नको असतं
आणि बघता बघता सगळा दगड त्याचा होतो.
कोपऱ्यात चामड्यासारखं एक,
कधी कुणाला शिवत नाही,
नुसतं पाण्यात काहीतरी सोडतं
आणि पलीकडचे आठवडाभर फुलत नाहीत.
त्याच्यासाठी कोळशाची पिशवी लावलीय,
दर महिन्याला बदलते.
घरासाठी तशी मिळते का,
आमच्याच दुकानात शोधून पाहिलं एकदा.

गॅलेक्सिया दिवसा फुलांची परडी.
रात्री दीडला मी लाल बॅटरी लावून पाहिलं:
त्याचे पांढरे दोरे, वीतभर लांब,
अंधारात शेजाऱ्याला चाचपत होते.
सकाळी हातोडीची एक कड
हाडापर्यंत उघडी.
वर बाहेर कचरागाडीचं गाणं, आणि स्वयंपाकघरात
"घ्या ना विहीणबाई, अर्धा कप तरी."
मी पट्टी आणली.
सहा इंच.
मग आठ.

मेमध्ये कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला.
मी दुकानात, हे देवासला, पंप बंद.
फोन केला तो फक्त आईला केला.
चार तासांनी पोचले तर
दोघी दोन स्टुलांवर, टाकीच्या दोन टोकांना,
हातात तांबे.
पाणी उपसायचं, वरून धार धरायची,
आतल्यांना हवा मिळावी म्हणून.
बोलत नव्हत्या.
एकीचा तांब्या वर, तेव्हा दुसरीचा खाली.
पदरांवर मीठ वाळलेलं,
घाम की समुद्र, ते काही कळत नव्हतं.
सासूबाईंना कोणी बोलावलं,
मी विचारलं नाही.

फांद्यांचं गेलं. तीन दिवसांत पांढरं पडलं.
आईने ते मागून घेतलं, धुऊन
खिडकीत ठेवलंय, मनीप्लँटशेजारी.
बाकीचे राहिले.
मश्रूम तर मोजायचं सोडलंय.

आज रविवार, वीस लिटर बदलायचे.
जुनं पाणी मोरीतच, कुंडीत नाही;
एक मोगरा त्यात गेला आहे.
मी कोपरापर्यंत टाकीत,
आणि सासूबाई चष्मा कपाळावर सरकवून
काचेला नाक लावून म्हणतात,
हातोडी वाढलीय गं. त्याच्या फार जवळ गेलीय.
पट्टी कुठे ठेवतेस तू?

आईने आणून दिली.